पावसाळ्यात बिघडणाऱ्या फोटो प्रिंट्स: घरच्या इंकजेट प्रिंटरचा दोष नेमका कुठे शोधावा

जानेवारी-फेब्रुवारीत काढलेली छायाचित्राची प्रिंट उत्तम निघते, आणि तोच प्रिंटर, तीच शाई व त्याच पाकिटातला कागद वापरूनही चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की प्रिंट पट्टेदार, काळवंडलेली किंवा हाताला शाई लागणारी निघू लागते, ही तक्रार गोव्यात दरवर्षी ऐकू येते. घरच्या मंडळींना वाटण्यासाठी माटोळीखालच्या (फळाफुलांनी सजवलेल्या मंडपीखालच्या) गणपतीचे, आरतीचे आणि एकत्र जमलेल्या कुटुंबाचे फोटो छापायचे असतात ते नेमके भाद्रपदात, म्हणजे हवेत सर्वाधिक ओलावा असण्याच्या दिवसांत. मग प्रिंटर बिघडला असे गृहीत धरून हेड क्लीनिंगचे, म्हणजे शाई सोडणारा भाग साफ करण्याचे, बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते, शाईच्या टाक्या निम्म्यावर येतात, आणि प्रिंट होती तशीच राहते.

माझे मत असे की पावसाळ्यातल्या वाईट प्रिंट्सपैकी बहुतेकींचा प्रिंट हेडशी काही संबंध नसतो. दोष कागदात, ड्रायव्हरमध्ये (छपाईचे पर्याय दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) निवडलेल्या कागदाच्या प्रकारात किंवा पडद्याच्या उजेडात असतो, आणि तो वेगळा ओळखता येत नाही म्हणून हाताशी असलेला एकच उपाय सगळ्यांवर केला जातो. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी दोष कुठल्या जातीचा आहे ते ठरवावे. शाईचा थेंब हेडमधून बाहेरच पडत नाही, की पडलेला थेंब कागद नीट धरत नाही, की थेंब आणि कागद दोन्ही ठीक असून रंगच चुकीचा पाठवला जात आहे, या तीन शक्यता एकदा वेगळ्या केल्या की निम्मे काम संपते.

आधी नोझल चेक

पहिली शक्यता तपासण्यासाठी प्रत्येक प्रिंटरमध्ये नोझल चेक, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची चाचणी, असते. ती साध्या ए४ कागदावर काढावी. महागडा फोटो पेपर त्यासाठी वाया घालवण्याचे कारण नाही. कागदावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची पायऱ्यांसारखी जाळी उमटते. ती उजेडात धरून, शक्य तर भिंगाखाली, एकेक रेष पाहावी. मध्येच एखादी रेष गायब असेल, अर्धवट असेल किंवा तिरकी पडली असेल तर त्या रंगाचे नोझल तुंबले आहे. पिवळ्या रेषा पांढऱ्या कागदावर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, आणि म्हणूनच पिवळ्याची तूट सर्वांत उशिरा लक्षात येते. त्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण निळा रंग उघडून, खोलीतले दिवे बंद करून तो उजेड कागदावर पाडावा. निळ्या प्रकाशात पिवळ्या रेषा काळपट दिसतात आणि त्यांतली खोट चटकन नजरेस पडते.

जाळी पूर्ण असेल तर हेड क्लीनिंग करू नये. हे वाक्य ठळक अक्षरांत लिहून प्रिंटरवर चिकटवावे असे मला नेहमी वाटते. क्लीनिंगमध्ये हेडमधून शाई ओढून ती यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या शोषक पॅडमध्ये टाकली जाते. हे पॅड भरत आल्याची मोजणी प्रिंटर स्वतः ठेवतो, आणि मर्यादा गाठली की सर्व्हिसची गरज असल्याचा संदेश दाखवून छापणे थांबवतो. काही नव्या मॉडेलांत हा भाग घरी बदलता येण्याजोग्या पेटीच्या रूपात असतो. इतरांत यंत्र सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. म्हणजे विनाकारण केलेल्या क्लीनिंगची किंमत शाईत एकदा आणि पॅडमध्ये दुसऱ्यांदा मोजली जाते.

जाळीत रेषा तुटलेल्या असतील तर एकदा क्लीनिंग करून पुन्हा जाळी काढावी, आणि सुधारणा दिसली तर आणखी एकदा करावे. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून रात्रभर तसाच ठेवावा, कारण मधल्या वेळेत वाळलेली शाई मऊ पडते आणि नळ्यांत शिरलेले हवेचे बुडबुडेही वर सरकतात. सकाळच्या पहिल्या जाळीत पुष्कळदा हरवलेल्या रेषा परत आलेल्या दिसतात. सिरिंजने पाणी किंवा स्पिरिट हेडमध्ये दाबून भरण्याचे जे प्रयोग व्हिडिओंत दाखवतात ते शेवटचा पर्याय म्हणूनही मी सुचवणार नाही. हेडचे पातळ थर दाबाने फुटू शकतात, आणि सर्किटवर थेंबभर पाणी गेले तरी बोर्ड जळण्याची भीती असते. एप्सनच्या यंत्रांत थेंब पिझो स्फटिकाच्या कंपनाने फेकला जातो, तर कॅनन आणि एचपीच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरावर फेकली जाते. या दुसऱ्या प्रकारात शाई संपलेली असताना छापत राहिल्यास तापणारा भाग कोरडाच तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या वर ठेवणे या यंत्रांत अधिक महत्त्वाचे आहे.

नोझल तुंबण्याचे आपल्याकडचे एक खास कारण विजेशी जोडलेले आहे. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपणावर बसते आणि शाईला हवा लागत नाही. मे अखेरीस गडगडाट सुरू झाला की आपण खबरदारी म्हणून सगळ्या उपकरणांचे प्लग ओढून काढतो, किंवा छापणे चालू असतानाच लाइट जाते, आणि हेड मध्यावरच उघडे राहते. अशा वेळी वीज आल्यावर छापायचे काही नसले तरी प्रिंटर एकदा चालू करावा, हेड जागेवर जाऊ द्यावे, आणि मग बटणाने बंद करावा. वादळाचे लक्षण दिसले तर आधी बटण, त्यानंतर प्लग, हा क्रम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा. याउलट भर पावसाळ्यात हवा ओलसर असल्यामुळे नोझलमधली शाई उन्हाळ्याइतक्या लवकर वाळत नाही. त्यामुळे जुलैत पट्टे दिसले तर नोझलवर संशय घेण्याआधी कागद तपासणे अधिक शहाणपणाचे ठरते.

काळा रंग बोटाला लागतो तेव्हा

वाळलेल्या वाटणाऱ्या प्रिंटवरच्या काळ्या भागावरून, म्हणजे केसांवरून किंवा गडद सावलीवरून, कोरडे बोट हलकेच फिरवावे. बोटाला काजळीसारखा काळा रंग लागला आणि त्याच प्रिंटवरचा लाल किंवा निळा भाग मात्र जसाच्या तसा राहिला, तर दोष ओलाव्याचा नाही आणि हेडचाही नाही. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' राहिलेला आहे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कॅननच्या जी मालिकेतल्या आणि एचपीच्या इंक टँक मालिकेतल्या अनेक यंत्रांत रंगीत शाया डाय प्रकारच्या, म्हणजे द्रवात पूर्ण विरघळलेल्या असतात, तर काळी शाई पिगमेंट प्रकारची, म्हणजे बारीक कण तरंगत ठेवलेली असते. हे कण साध्या कागदाच्या तंतूंत अडकून अक्षरे ठसठशीत दिसतात, पण गुळगुळीत ग्लॉसी लेपात ते शिरत नाहीत आणि वरच बसून राहतात. म्हणून फोटो पेपर निवडला की ही यंत्रे काळी शाई बाजूला ठेवतात आणि निळी, किरमिजी व पिवळी यांच्या मिश्रणातून काळा तयार करतात. आपण 'प्लेन पेपर' ठेवून ग्लॉसी कागद घातला तर यंत्राला ते कळत नाही. ते साध्या कागदासाठीच्या मोजणीने शाई सोडते, काळी शाई वापरते, आणि रंगही फिके व खरखरीत येतात. मोबाइलवरून थेट छापताना हा घोटाळा सर्वाधिक होतो, कारण फोनच्या साध्या छपाई पर्यायात कागदाचा प्रकार कुठेतरी आत दडलेला असतो किंवा दाखवलाच जात नाही. शक्य असेल तर फोटो कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून किंवा संगणकावरून छापावेत, आणि प्रत्येक वेळी कागदाचा प्रकार, आकार आणि दर्जा हे तीन पर्याय उघडून पाहावेत.

एप्सनच्या एल८०५ किंवा एल८०५० यांसारख्या सहा रंगांच्या फोटो प्रिंटरमध्ये सगळ्याच शाया डाय प्रकारच्या आहेत. तिथे काळा बोटाला लागला तर कागदाचा प्रकार चुकला आहे हे निदान इतके थेट करता येत नाही. कागद शाई शोषत नाही किंवा हवा फार ओली आहे, या दोन्ही शक्यता उरतात.

कागदातला ओलावा

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत घरातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर राहते, तर फोटो कागदासाठी ४० ते ६० टक्के हा सुखाचा पट्टा समजला जातो. बऱ्याच घरगुती प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत चालवण्याची वरची मर्यादाही ८० टक्केच दिलेली असते. सत्तरी-सांग्याच्या डोंगराळ भागात आणि चिऱ्यांच्या जुन्या कौलारू घरांत परिस्थिती आणखी कठीण, कारण भिंतीच दोन महिने ओल धरून असतात.

कागद ओला झाला आहे हे हाताला कळत नाही. त्यासाठी पाकिटातला एक कागद छापायची बाजू वर करून सपाट टेबलावर ठेवावा आणि नजर टेबलाच्या पातळीवर आणून पाहावे. चारही कोपरे टेबलाला टेकलेले असले तर कागद चांगला आहे. एखादा कोपरा दोन-तीन मिलिमीटर उचललेला दिसला किंवा कडेला लाट दिसली तर त्या कागदाने ओल ओढली आहे. असा कागद यंत्रात घातला की तीन वेगवेगळे दोष एकाच कारणातून निघतात. उचललेल्या कडेवर प्रिंट हेड घासते आणि प्रिंटच्या काठाला शाईचे फराटे उमटतात. ओलसर कागद रोलरवर किंचित घसरतो, त्यामुळे आडव्या रेषा ठरावीक अंतराने दिसू लागतात. शिवाय लेपात आधीच पाणी असल्याने शाईतले पाणी जिरायला जागा राहत नाही आणि थेंब शेजारच्या थेंबात मिसळून गडद भागात डाग पडल्यासारखे होते. या तिन्ही दोषांवर हेड क्लीनिंगचा काडीचाही उपयोग नाही.

उपाय साधा आहे, पण तो मे महिन्यातच करावा लागतो. उघडलेले पाकीट मूळ प्लॅस्टिकमध्ये बंद करून, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आडवे ठेवावे, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या आणि बाजारात मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. डब्यातला आकडा ५०च्या आसपास राहिला की पुरे. केशरी रंगाचे सिलिका जेल ओल भरली की हिरवे होते. निळे असेल तर गुलाबी होते, पण निळ्यात कोबाल्टचे संयुग असल्याने मुलांच्या हाती लागेल अशा जागी केशरीच ठेवावे. रंग बदललेले दाणे पिशवीतून काढून ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर तापवले की पुन्हा वापरता येतात. सिलिका जेलच्या ऐवजी तांदूळ घालण्याची युक्ती सांगितली जाते. तांदूळ ओल फार थोडी धरतो आणि त्याची पांढरी भुकटी कागदावर बसून छापताना तिथे ठिपके राहतात, तेव्हा तो स्वयंपाकघरातच बरा. डब्यातून लागतील तेवढेच कागद काढावेत, एकेक करून घालावेत, आणि छपाई संपल्यावर मागच्या ट्रेमध्ये एकही कागद उभा सोडू नये. एसीच्या थंड खोलीतला कागद एकदम ओसरीवर नेऊन तिथे छापणेही टाळावे, कारण गार पृष्ठभागावर बाहेरच्या दमट हवेतले पाणी लगेच धरते.

ज्या खोलीत डिह्युमिडिफायर किंवा एसी आहे तिथे छपाईच्या तासभर आधी तो चालू करणे एवढ्यानेही मोठा फरक पडतो. नसेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी छापावे. पहाटेची वेळ सर्वांत वाईट.

कागद कोणता आहे, हे पाकिटावर नेहमीच नीट लिहिलेले नसते. पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या स्टेशनरीच्या दुकानांत १३० ते २७० जीएसएमची (चौरस मीटरमागे ग्रॅम) जी स्वस्त ग्लॉसी पाकिटे मिळतात, ती बहुतेक कास्ट कोटेड असतात. म्हणजे साध्या कागदाच्या एका बाजूवर चकचकीत लेप. महाग पाकिटांवर 'आरसी' लिहिलेले असते, त्यात कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असून वर शाई शोषणारा सूक्ष्मछिद्री लेप असतो. फरक ओळखण्यासाठी पाठीवर पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबावे. थेंब गोल राहिला आणि पुसल्यावर कागद सपाट राहिला तर आरसी. थेंब मुरून तिथे फुगवटा आला तर कास्ट कोटेड. पावसाळ्यात कास्ट कोटेड कागदाची पाठ उघडीच असल्याने तो आधी वाकडा होतो. जीएसएमचा आकडा मोठा म्हणजे कागद उत्तम असा समज आहे, पण तो फक्त वजनाचा आकडा आहे, लेपाच्या गुणवत्तेबद्दल तो काहीच सांगत नाही. वर्षभरातले बहुतेक काम कास्ट कोटेडवर भागते; चवथीचे आणि फ्रेममध्ये जाणारे फोटो मात्र आरसी कागदावर काढावेत असा माझा आग्रह आहे. पिगमेंट शाईच्या प्रिंटरसाठी कागद घेताना त्यावर पिगमेंट चालतो असे स्पष्ट लिहिलेले पाहून घ्यावे. दोन्ही बाजू सारख्या चमकत असतील आणि कोणत्या बाजूला छापायचे ते कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावावे. जी बाजू चिकट लागते ती लेपाची.

कागद कोरडा, सपाट आणि योग्य प्रकारचा असून, नोझलची जाळीही पूर्ण असून पट्टे येतच राहिले, तर हेड अलाइनमेंट (हेडच्या फेऱ्या जुळवण्याची प्रिंटरमधली सोय) करावे, दर्जा 'हाय' ठेवावा, आणि 'हाय स्पीड' किंवा 'बायडायरेक्शनल' हा पर्याय बंद करावा. तो चालू असताना हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा शाई टाकते. दोन्ही फेऱ्या तंतोतंत जुळल्या नाहीत की उभ्या रेषा दुहेरी दिसतात आणि आकाशासारख्या सपाट भागात दाणे दिसू लागतात. छपाईला जवळजवळ दुप्पट वेळ लागेल, तो लागू द्यावा.

पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग

प्रिंट काळवंडलेली आहे ही तक्रार पट्ट्यांइतकीच सर्वत्र ऐकू येते, आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसून पडद्यात असते. मोबाइलचा पडदा उन्हातही दिसावा म्हणून फार प्रखर केलेला असतो, तर कागद स्वतः उजेड देत नाही; खोलीत जेवढा उजेड आहे तेवढाच परत फेकतो. संगणकाच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी पांढरा फोटो पेपर धरावा, आणि दोन्ही सारखेच उजळ वाटेपर्यंत पडद्याचा ब्राइटनेस कमी करत आणावा. मोजायचे साधन असेल तर प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला हा पट्टा छपाईसाठी धरतात. ब्राइटनेस उतरवल्यावर तोच फोटो पडद्यावरही काळवंडलेला दिसला, तर प्रिंटने खरेच सांगितले होते आणि फोटोलाच उजाळा हवा आहे. विशेषतः समईच्या उजेडात काढलेले गाभाऱ्यातले किंवा देवघरातले फोटो छापण्याआधी सावल्या थोड्या वर उचलाव्या लागतातच.

प्रिंटवर सगळीकडे लालसर किंवा किरमिजी छटा चढली असेल आणि जाळी पूर्ण असेल, तर रंगांची दुरुस्ती दोनदा होत आहे का ते पाहावे. फोटोशॉपसारख्या कार्यक्रमात रंगांचा कारभार त्या कार्यक्रमाकडे दिला आणि ड्रायव्हरमध्ये मात्र प्रिंटरची स्वतःची दुरुस्ती चालू राहिली, की दोघेही आपापली सुधारणा करतात. कारभार एकाकडेच असावा: कार्यक्रमाकडे दिला तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद आणि त्या कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल) निवडलेले, ड्रायव्हरकडे दिला तर कार्यक्रमात काहीही नाही. घरच्या वापरासाठी दुसरा मार्ग सोपा आहे आणि कंपनीची शाई व कंपनीचा कागद असेल तर तो पुरेसा चांगलाही आहे. प्रोफाइल हे एका प्रिंटरचे, एका शाईचे आणि एका कागदाचे असते. बाजारातली स्वस्त शाई भरली की जुने प्रोफाइल लागू पडत नाही, आणि टाकीत निम्मी जुनी व निम्मी नवी शाई असेल तर कोणतेच लागू पडत नाही. अशा प्रिंट्सचे रंग टाकी रिकामी होईपर्यंत हळूहळू सरकत राहतात.

उलट रंग मरगळलेले असतील तर फोटोचे कलर स्पेस, म्हणजे त्यातले रंग कोणत्या पट्ट्यात साठवले आहेत ते, तपासावे. बऱ्याच नव्या फोनचे फोटो डिस्प्ले पी३ या रुंद कलर स्पेसमध्ये साठवले जातात आणि काही छपाईचे कार्यक्रम ते एसआरजीबी या नेहमीच्या, अरुंद कलर स्पेसमधले समजून छापतात, त्यामुळे रंग फिके पडतात. छापण्याआधी एसआरजीबीमध्ये बदललेली प्रत काढली की प्रश्न मिटतो.

काही रंग मात्र कितीही खटपट केली तरी कागदावर पडद्यासारखे येणार नाहीत, हे मान्य करावे लागते. श्रावणातल्या भातशेतीचा तो लखलखीत पोपटी हिरवा आणि पाऊस उघडल्यानंतरच्या आकाशाचा गडद निळा, हे दोन्ही चार शायांच्या आवाक्याबाहेर जातात. हिरवा थोडा मातकट होतो, आणि निळ्यात किरमिजी शाई मिसळली जात असल्याने तो जांभळ्याकडे झुकतो. इथे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवणे हा उलटा उपाय आहे, कारण आवाक्याबाहेरचे सगळे टोन एकाच सपाट रंगात कोंबले जातात आणि शेतातल्या रोपांच्या ओळी नाहीशा होतात. हिरव्याचे सॅच्युरेशन थोडे उतरवून त्याचा उजळपणा वाढवावा, निळ्याची छटा किंचित सायनकडे सरकवावी, आणि कार्यक्रमात रेंडरिंग इंटेंटची, म्हणजे आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे याची, निवड असेल तर 'परसेप्च्युअल' घेऊन पाहावे.

प्रत्येक बदलासाठी पूर्ण ए४ खर्च करण्याची गरज नाही. एका ४ बाय ६ इंची कागदावर कुणाचा तरी चेहरा, थोडी हिरवळ, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टी अशी मांडणी एकदा करून ठेवावी, आणि दरवेळी तीच छापावी. करडी पट्टी सर्वांत प्रामाणिक असते. तिच्यावर जी छटा दिसते ती सगळ्या फोटोभर पसरलेली असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती कागदाच्या पाठीवर तारखेसह लिहावी. ही पट्टी आधी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आणि मग घरातल्या एलईडी दिव्याखाली पाहावी. खिडकीजवळ करडी आणि दिव्याखाली हिरवट दिसली तर दोष दिव्याचा आहे, शाईचा नव्हे. रंगांचे व्यावसायिक काम करणारे प्रिंट ५००० केल्विनच्या प्रमाणित प्रकाशात पाहतात. आपल्या घरांत ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे सर्रास असतात, त्यांच्याखाली त्वचेचा रंग मुळातच गारठलेला दिसतो.

फोटो धूसर येण्याचे कारण बहुधा व्हॉट्सअ‍ॅप असते. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते. ४ बाय ६ इंचांसाठी १८०० बाय १२०० पिक्सेल आदर्श, तेव्हा तिथे ते खपून जाते. ए४साठी मात्र ३५०८ बाय २४८० लागतात आणि तिथे चेहरे मऊ पडतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. फोनचा फोटो ४:३ प्रमाणाचा आणि ४ बाय ६ कागद ३:२ प्रमाणाचा असल्याने आडव्या फोटोचे वरचे-खालचे काही ना काही कापले जाणारच. बॉर्डरलेस (कडेला पांढरी पट्टी न सोडणाऱ्या) छपाईत प्रतिमा आणखी थोडी फुगवली जाते, म्हणून उभ्या मंडळींच्या डोक्यावर आणि मूर्तीच्या मुकुटावर आधीच जागा सोडावी, किंवा ड्रायव्हरमध्ये विस्तार किमान ठेवावा.

वाळवणे आणि फ्रेम

यंत्रातून बाहेर आलेली प्रिंट हाताला कोरडी लागली तरी तिच्यातले ग्लायकॉलसारखे हळू उडणारे द्रव शिल्लक असतात. प्रिंट पंधरा-वीस मिनिटे तोंड वर करून सपाट ठेवावी, एकीवर एक रचू नये, त्यानंतर वर साधा कोरा कागद पसरून २४ तास तशीच ठेवावी. तो कागद उरलेली वाफ शोषून घेतो. पावसाळ्यात हा काळ दुप्पट धरावा. रंगाचा अंतिम निवाडाही दुसऱ्या दिवशीच करावा, कारण ताज्या प्रिंटचे गडद भाग वाळताना बदलतात. लॅमिनेशनची घाई सर्वांत घातक असते. आत राहिलेली वाफ गरम रोलरखाली अडकून फिल्मखाली पांढुरका पडदा किंवा बुडबुडे तयार होतात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत.

डाय शाईच्या प्रिंटला उजेडाइतकाच उघड्या हवेचाही त्रास होतो. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या यंत्रांवर काढलेल्या काही प्रिंट्स थोड्याच काळात केशरी पडू लागल्या होत्या, आणि त्याचे कारण हवेतला ओझोन निघाले. सूक्ष्मछिद्री लेप शाई लवकर पितो तशी हवाही आत घेतो, म्हणून अशा प्रिंट्स अल्बममध्ये किंवा काचेमागेच ठेवाव्यात. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेली प्रिंट आधी फिकी पडते ती त्यामुळेच.

काचेमागे ठेवताना प्रिंट काचेला टेकू देऊ नये. दमट हवेत लेप मऊ होऊन काचेला असा चिकटतो की काढताना चेहऱ्याचा तुकडाच निघून येतो. मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा माउंट बोर्ड घालण्यास फ्रेमवाल्याला सांगावे. फ्रेम पावसाच्या माऱ्याकडच्या बाहेरील भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावावी, आणि तिच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहते व मागच्या पुठ्ठ्याला बुरशी धरत नाही.